माणगावचा यशवंत घाडगे

मुंबईहून गोव्याकडे जाणारा हमरस्ता कोकणात उतरला की वाटेत माणगाव लागते. काळ नदीच्या काठचे, रायगड जिल्ह्यातले हे तालुक्याचे गाव. बाजारपेठ आहे, कचेरी आहे, आता कोकण रेल्वेचे स्टेशनही आहे. कचेरीच्या कामाला, सातबाऱ्याच्या उताऱ्याला, बी-बियाणाला आसपासच्या वाड्यांतली माणसे येथे येतात आणि संध्याकाळी आपापल्या घरी परततात. याच माणगावात तहसील कचेरीपाशी एका सैनिकाचा पुतळा उभा आहे. येणारेजाणारे त्याच्याकडे बघतात. कुणी हात जोडतो, कुणी नुसताच पुढे जातो. आणि एखादे लहान पोर आजोबांचे बोट ओढून विचारते, "आजोबा, हा कोण हो?"

ह्या प्रश्नाचे नीट उत्तर काय द्यावे, याविषयी आज मला आपल्याशी बोलायचे आहे. नीट म्हणतो ते एवढ्यासाठी, की पुतळ्यातल्या माणसाविषयी आपण बहुधा दोन वाक्यांत उरकतो. "मोठा शूर होता, लढाईत पडला." झाले! पण कोणती लढाई, कुठली भूमी, कोणता दिवस, कुणाविरुद्ध, कुणासाठी? एवढे विचारले की आपण इकडेतिकडे पाहू लागतो. गुरुजी मंडळींना तर हे प्रश्न वर्गात कधी ना कधी ऐकावेच लागतात. म्हणून आजचे हे बोलणे गावकरी मंडळींइतकेच त्यांच्यासाठीही आहे.

त्या सैनिकाचे नाव यशवंत घाडगे. पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या पलटणीतला तो नाईक. त्याचा जन्म १९२१ सालच्या नोव्हेंबरातला, माणगाव तालुक्यातल्या पळसगावचा. हा जिल्हा तेव्हा कुलाबा म्हणून ओळखला जाई. रायगड हे नाव त्याला १९८१ साली मिळाले. आणि तो पडला १० जुलै १९४४ या दिवशी, इटली देशात, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात. बाविसावे वर्ष पुरे होऊन तेविसावे चालू होते.

आता ही तारीख जरा मनात धरा. जुलैची दहावी म्हणजे आपल्याकडे आषाढ. कोकणात भाताची लावणी ऐन भरात असते. गुडघाभर चिखल, डोक्यावर इरली, वरून पावसाची झड, आणि रोपांच्या मुठी बांधावरून खाचरात फेकल्या जात आहेत, असे ते दिवस. त्याच दिवशी हजारो मैलांवर, ज्या मुलखात जुलैचा महिना कोरडा आणि रखरखीत असतो, जिथे डोंगरउतारांवर द्राक्षांचे वेल आणि ऑलिव्हची झाडे आहेत, तिथे एका टेकडीवर आपला हा कोकणातला शेतकऱ्याच्या मुलखातला तरुण उभा होता. तो तिथे कसा जाऊन पोहोचला?

तिथपर्यंतची वाट समजून घेतली पाहिजे. कोकणातल्या घरांना दोन वाटा फार जुन्या. एक मुंबईच्या गिरणीची आणि गोदीची, दुसरी पलटणीची. जमीन थोडी, डोंगर फार, आणि खाणारी तोंडे पुष्कळ. चार महिने पाऊस आणि आठ महिने उन्हाळा. तेव्हा घरातला एक मुलगा चाकरमानी व्हायचा किंवा शिपाई व्हायचा, आणि टपालवाल्याने आणलेल्या मनिऑर्डरीवर मागचे घर चालायचे. मराठा पलटणींचा इतिहास १७६८ सालापर्यंत मागे जातो. बेळगाव हे त्यांचे ठाणे. शिवछत्रपतींच्या नावाचा जयघोष करीत शत्रूवर चालून जायचे, ही त्यांची रीत. रायगडाच्या परिसरात वाढलेल्या पोराला तो जयघोष काही नवा शिकवावा लागत नसे.

दुसरे महायुद्ध १९३९ साली सुरू झाले. हिंदुस्थान त्या युद्धात ओढला गेला तो व्हाइसरॉयच्या एका घोषणेने. देशातल्या पुढाऱ्यांना कुणी विचारले नाही. त्याचा निषेध म्हणून प्रांतोप्रांतीच्या काँग्रेस मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले. पण सैन्यात भरती होणाऱ्यांची रांग मात्र वाढतच गेली. सक्तीची भरती आपल्या देशात झाली नाही, आणि तरीही युद्ध संपेपर्यंत आपले सैन्य पंचवीस लाखांच्या घरात गेले. त्यांतले सुमारे सत्याऐंशी हजार जण परत आले नाहीत. हे आकडे ऐकताना मन बधिर होते. म्हणून आकडे बाजूला ठेवून आपण एकाच माणसाबरोबर चालू या.

१९४४ च्या उन्हाळ्यात इटलीतली परिस्थिती अशी होती. ४ जूनला रोम शहर दोस्तांच्या हाती आले. जर्मन फौजा उत्तरेकडे हटू लागल्या. पण ते हटणे पळून जाणे नव्हते. मागे डोंगरांत त्यांना एक भक्कम फळी उभारायची होती आणि तिच्यासाठी वेळ हवा होता. म्हणून वाटेतली प्रत्येक टेकडी, प्रत्येक उंचवट्यावरचे गाव ते धरून ठेवीत. आपण घाटातले लोक आहोत, आपल्याला हे समजावून सांगायला नको. वर बसलेले पाच जण खालून येणाऱ्या पन्नासांना रोखू शकतात. टायबर नदी, जी पुढे रोम शहरातून वाहते, तिच्या वरच्या खोऱ्यात अशाच टेकड्यांच्या रांगा आहेत. तिथे हिंदी सैन्याची दहावी डिव्हिजन पुढे सरकत होती, आणि तिच्यात ही मराठा पलटण होती.

१० जुलैला पलटणीतल्या एका कंपनीने शत्रूच्या एका बळकट ठाण्यावर हल्ला चढवला. त्या कंपनीतल्या एका लहान तुकडीचा, म्हणजे सेक्शनचा, नायक होता यशवंत घाडगे. सेक्शन म्हणजे काही फौज नव्हे. आठ-दहा जणांचे ते एक कुटुंबच म्हणा ना. एकत्र जेवायचे, एकत्र झोपायचे, एकमेकांची पत्रे वाचून दाखवायची. ही तुकडी पुढे सरकत असता अगदी जवळून मशीनगनचा मारा सुरू झाला. क्षणात सगळी तुकडी कोसळली. काही मेले, काही जखमी होऊन पडले. उभा राहिला फक्त नाईक.

इथे थोडे थांबून विचार करा. त्या क्षणी त्याच्यापुढे काय होते? मागे वळणे शक्य होते. जमिनीला चिकटून पडून राहणेही शक्य होते, आणि तसे केले असते तर कुणी त्याला नावे ठेवली नसती. बरोबर यायला कुणी उरले नाही हे त्याला पुरते ठाऊक होते. सरकारी नोंदीतही हे स्पष्ट लिहिले आहे, की परत येण्याची आशा फार थोडी आहे हे माहीत असून तो पुढे गेला.

तो त्या मशीनगनवर एकटा धावून गेला. पहिल्यांदा त्याने हातबाँब फेकला, त्याने मशीनगन बंद पडली आणि ती चालविणारा ठार झाला. मग जवळच्या टॉमीगनने त्याने दुसऱ्याला टिपले. एवढ्यात गोळ्या संपल्या. दुसरे मॅगझिन चढवायला उसंत नव्हती. तेव्हा बंदूक नळीकडून हातात धरून तिच्या दस्त्याने त्याने उरलेल्या दोघांना लोळवले. ठाणे त्याच्या हाती आले. आणि मग दुरून दडून नेम धरणाऱ्या शत्रूच्या बंदूकवाल्यांच्या गोळ्या त्याच्या छातीत आणि पाठीत घुसल्या. जे ठाणे त्याने एकट्याने जिंकले होते, त्याच ठाण्यात तो पडला.

एवढीच ती हकीकत. सांगायला दोन मिनिटे पुरत नाहीत, आणि घडायला त्याहून कमीच वेळ लागला असेल. पोवाडा गायचा तर ह्यात पुष्कळ मसाला भरता येईल. पण मी आपल्याला विनंती करीन, की मुलांना ही गोष्ट सांगताना मसाला भरू नका. बंदुकीच्या दस्त्याने माणसे मारणे ही काही रंगवून सांगायची गोष्ट नव्हे. ते दोघे जर्मनही कुणाचे तरी मुलगेच होते. सांगायचे ते हे, की ज्या क्षणी सगळे संपले असे वाटावे त्या क्षणी ह्या तरुणाने आपल्यावर सोपविलेले काम टाकले नाही. त्याच्या मागून येणाऱ्यांवर त्या मशीनगनची धार पडणार होती, ती त्याने बंद केली.

त्याच वर्षी नोव्हेंबरात त्याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला. इंग्रज सैन्यातला हा सर्वांत मोठा मान. हिंदी शिपायांना तो १९११ सालापर्यंत मिळूही शकत नव्हता. पदक दिसायला अगदी साधे: काशाचा एक काळपट क्रूस आणि वर गडद तांबडी फीत. १९४५ साली व्हाइसरॉय लॉर्ड वेव्हेल यांनी ते त्याच्या पत्नीच्या हाती दिले.

पुतळ्यापुढे उभे राहिलो म्हणजे आपल्याला बंदूक दिसते, गणवेश दिसतो. हे पदक घेणारे हात दिसत नाहीत. तळहाताएवढे नाही असे ते काशाचे पदक. त्याच्या मोबदल्यात काय गेले होते? मोठमोठे अधिकारी समोर उभे, आणि घरी परतल्यावर तीच चूल, तेच खाचर, तोच पाऊस. लढाईची हकीकत दोन मिनिटांत संपते असे मी म्हटले. मागे राहिलेल्यांची हकीकत तशी संपत नाही, ती पन्नास-पन्नास वर्षे चालू राहते. आपल्या सातारा-कोकणाच्या गावांत अशा कितीतरी आया-बहिणी होऊन गेल्या. त्यांना कुणी पदके दिली नाहीत. गावाने सैनिकाची आठवण ठेवायची तर ती ह्या घरासकट ठेवली पाहिजे.

आणखी एक गोष्ट. यशवंत घाडगे याची समाधी कुठेही नाही. ज्यांची थडगी सापडली नाहीत अशा चार हजारांहून अधिक सैनिकांची नावे रोमच्या दक्षिणेला कासिनो येथे उभ्या दगडांवर कोरलेली आहेत. ते स्मारक १९५६ साली उघडण्यात आले. ह्या नावांत आपल्या माणगावच्या मुलाचे नाव आहे. आजूबाजूला अनोळखी देशांची अनोळखी नावे, आणि मधेच घाडगे, जाधव, शिंदे अशी आपल्या ओळखीची आडनावे आढळतात.

जाधव म्हटल्यावर आणखी एकाची आठवण होते. त्याच रेजिमेंटच्या पहिल्या पलटणीतला नामदेव जाधव, तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या निमजचा. दोघांच्या जन्मात दोन दिवसांचे अंतर, दोघेही १९२१ च्या नोव्हेंबरातले. यशवंत गेल्यावर नऊ महिन्यांनी, ९ एप्रिल १९४५ ला, इटलीतच सेनिओ नदीच्या काठी नामदेव जाधव याने आपल्या जखमी सोबत्यांना गोळ्यांच्या वर्षावातून उचलून सुरक्षित जागी आणले, आणि मग शत्रूची मशीनगनची ठाणी एकट्याने मोडली. त्यालाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. तो जिवंत परतला आणि १९८४ सालापर्यंत जगला. सारख्या वयाचे, सारख्या मुलखातले, एकाच रेजिमेंटचे दोन तरुण. एकाला चाळीस वर्षे मिळाली, दुसऱ्याला एक क्षणही नाही. हे दोन आयुष्यपट शेजारी ठेवले म्हणजे यशवंतचे काय गेले ते कळते. शौर्याने त्याचे नाव राहिले, पण लग्नकार्ये, लावण्या, नातवंडे हे सारे गेले ते गेलेच.

आता तो अवघड प्रश्न. वर्गातला एखादा चुणचुणीत मुलगा उठून विचारणार, "गुरुजी, पण तो तर इंग्रजांच्या फौजेत होता ना? मग तो आपल्यासाठी कसा लढला?"

गुरुजी, हा प्रश्न टाळू नका. मुलाला "बस खाली" म्हणू नका. प्रश्न खरा आहे आणि त्याच कुलाबा जिल्ह्याने तो फार धारदार करून ठेवला आहे. माथेरानचे भाई कोटवाल, वकील माणूस, १९४२ च्या चळवळीत भूमिगत झाले. त्यांच्या आझाद दस्त्याने मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडले. २ जानेवारी १९४३ च्या पहाटे सिद्धगडाच्या रानात इंग्रजांच्या पोलिसांनी त्यांना गाठले, आणि ते व त्यांचे सोबती हिराजी पाटील गोळ्यांना बळी पडले. म्हणजे एकाच जिल्ह्याचे तरुण: दोघे इंग्रज सरकारशी लढताना पडले, आणि दीड वर्षाने एक त्याच सरकारच्या सैन्यातून लढताना पडला. मुलांनी कुणापुढे मान लववावी?

माझे उत्तर असे, की दोहोंपुढे. पण दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या सांगून. भाई कोटवाल आणि हिराजी पाटील यांनी देशाच्या स्वातंत्र्यासाठी जाणूनबुजून प्राण दिले. त्यांचा मार्ग त्यांनी स्वतः निवडला होता. यशवंत घाडगे पोटासाठी, घरासाठी, घराण्याच्या चालीसाठी शिपाई झाला असेल. त्याला स्वातंत्र्यसैनिक म्हणणे खरे होणार नाही, आणि त्याला तसे म्हणण्याची गरजही नाही. खोट्या अलंकाराने कुणाचा मान वाढत नसतो. पण म्हणून तो परक्यांचा भाडोत्री होता असे म्हणणे हेही तितकेच खोटे. राज्य परक्याचे होते, माणूस आपला होता. युद्ध कुणी पुकारले ह्यात त्याचा हात नव्हता. त्या टेकडीवर काय करायचे हे मात्र त्याने ठरवले.

आणि समोर कोण होते हेही मुलांना सांगा. त्या टेकडीपासून फार दूर नाही असे गुब्बिओ नावाचे इटलीतले एक जुने शहर आहे. यशवंत पडला त्याच्या अवघे अठरा दिवस आधी, २२ जून १९४४ ला, जर्मन सैन्याने एका अधिकाऱ्याच्या हत्येचा सूड म्हणून तिथल्या चाळीस नागरिकांना भिंतीशी उभे करून गोळ्या घातल्या. ती माणसे सैनिक नव्हती, साधी नगरवासी होती. अशा सत्तेच्या हातून ती गावे सुटत होती, आणि सोडवणाऱ्यांत आपली मुले होती. इटलीच्या मोहिमेत पन्नास हजार हिंदी सैनिक होते. त्यांतले ५,७८२ तिथेच राहिले. त्या मोहिमेत दिल्या गेलेल्या वीस व्हिक्टोरिया क्रॉसपैकी सहा त्यांच्या वाट्याला आले. कुणासाठी लढला, ह्या प्रश्नाचे एक उत्तर त्या गावांतल्या म्हाताऱ्या माणसांकडेही आहे.

ते उत्तर त्यांनी उशिरा का होईना, दिले. टायबरच्या त्याच खोऱ्यात, पेरुजा प्रांतात, मोंतोने नावाचे टेकडीवरचे लहानसे गाव आहे. २०२३ च्या जुलै महिन्यात त्या गावाने आणि तिथल्या इतिहासाच्या अभ्यासकांनी यशवंत घाडगे याच्या नावाने एक स्मारक उभारले. समारंभाला भारताच्या राजदूत हजर होत्या. आणि स्मारक कसले म्हणाल? तलवारीचे नाही, तोफेचे नाही. ते आहे एक सूर्यघटिकायंत्र. काठीची सावली फिरते आणि वेळ कळते, तसले. त्यावर लॅटिन भाषेत कोरले आहे, त्याचा अर्थ असा, की आपण सारे एकाच सूर्याखाली राहतो. सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वी पडलेल्या एका परदेशी मुलासाठी एखाद्या खेड्याने एवढे करावे, ही गोष्ट आपण माणगावकरांनी, आणि माणगावकरच कशाला, सगळ्यांनीच मनाशी ठेवण्यासारखी आहे.

आता आपल्याकडे वळू. कारण यशवंत घाडगे याला पदक मिळाले म्हणून निदान त्याचे नाव, तारीख, जागा, सारे नोंदले गेले. पण त्याच दिवशी त्याच्या सेक्शनमधली जी मुले त्याच्याआधी कोसळली, त्यांचे काय? तीही कुठल्यातरी वाडीतलीच होती. त्यांचे पुतळे नाहीत. आणि अशी मुले आपल्या जवळजवळ प्रत्येक जिल्ह्यात आहेत.

आपल्या कोकणात आणि देशावर कित्येक गावांत चावडीच्या, देवळाच्या नाहीतर शाळेच्या भिंतीत एक लहानशी संगमरवरी पाटी बसवलेली आढळते. पहिल्या महायुद्धानंतर सरकारने ती बसवली. १९१४ ते १९१९ च्या युद्धात ह्या गावातून इतकी माणसे गेली, त्यांतल्या इतक्यांनी प्राण दिले, एवढाच मजकूर. कुठे अठ्ठावीस गेले, तीन मेले. कुठे साठ गेले, सात मेले. बघा हं, पाटीवर आकडा आहे, नाव नाही! तीन मेले. कोण तीन? कुणाचे कोण? शंभर वर्षे ती पाटी गप्प आहे. युद्धातल्या मृतांच्या नोंदी ठेवणारे कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन म्हणून एक मंडळ आहे, ते १९१७ सालचे. त्यानेही २०२१ साली जाहीरपणे कबूल केले, की पहिल्या महायुद्धातल्या हिंदी आणि आफ्रिकी सैनिकांपैकी पुष्कळांची नावे इतरांसारखी कोरली गेली नाहीत, आणि त्याबद्दल क्षमा मागितली. ज्याचे नाव राहिले नाही तो सैनिक एकदा रणात मरतो आणि दुसऱ्यांदा विस्मरणात.

हे दुसरे मरण थांबविणे आपल्या हाती आहे, आणि त्याला पैसा लागत नाही. काय करता येईल ते सांगतो.

पहिले असे, की आपल्या गावात तसली पाटी आहे का ते पाहा. चुन्याच्या थरांखाली गेली असेल तर हलक्या हाताने स्वच्छ करा. तिच्यावरचा मजकूर शाळेच्या एका वहीत जसाच्या तसा उतरवा.

दुसरे, पाटीवरच्या आकड्याला नावे शोधा. ह्या कामी मुले फार उपयोगी पडतात. प्रत्येकाने आपल्या आजी-आजोबांना विचारावे, "आपल्या घरातला कुणी पलटणीत होता का?" कुणाच्या ट्रंकेत जुने पदक निघेल, कुणाकडे नोकरीचे पुस्तक, कुणाकडे पेन्शनचा कागद. नुसती आठवण निघाली तरी ती लिहून ठेवावी, मात्र सांगणाऱ्याचे नाव शेजारी घालावे, म्हणजे ऐकीव काय आणि कागदोपत्री काय हे पुढच्याला कळेल.

तिसरे, त्या मंडळाच्या नोंदी आता इंटरनेटवर कुणालाही विनामूल्य पाहता येतात. सैनिकाचे नाव, हुद्दा, पलटण, मृत्यूचा दिवस, आणि पुष्कळदा वडिलांचे नाव आणि गावही त्यांत असते. गावांची स्पेलिंगे इंग्रज कारकुनांनी आपल्या कानाप्रमाणे केलेली, तेव्हा दोन-तीन प्रकारे शोधावे लागेल. तालुक्याच्या शिक्षकांनी एकमेकांत वाटून घेतले तर काम अवघड नाही. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाशीही पत्रव्यवहार करावा.

चौथे, १९४७ नंतरच्या युद्धांत पडलेल्यांची नोंद ह्याच वहीत ठेवावी. दिल्लीला २०१९ साली झालेल्या राष्ट्रीय समरस्मारकावर त्यांची नावे आहेतच. पण दिल्ली लांब. गावाच्या वहीतले नाव रोज हाताशी असते.

आणि पाचवे, ज्या घरातला माणूस गेला त्या घरी जा. हार-तुरे घेऊन नव्हे, मुलांना घेऊन. त्या घराने काय सोसले ते ऐका. तेही वहीत लिहा. शौर्याच्या हकिकतीइतकीच ती हकीकतही गावाची आहे.

माणगाव तालुक्यातल्या गुरुजनांना तर एक सोयच आहे. १० जुलै हा दिवस शाळा सुरू झाल्यावर येतो. त्या दिवशी भिंतीवर जगाचा नकाशा लावा. एका मुलाला कोकणातले माणगाव दाखवायला सांगा, दुसऱ्याला इटलीतली टायबर नदी. मधला समुद्र मुलांना बोटाने ओलांडू द्या. त्या बोटाखालच्या वाटेने आपल्या तालुक्याचा एक मुलगा गेला होता आणि परत आला नाही, हे एवढे एक वाक्य सांगा. बाहेर पाऊस चालू असेल, शेतात लावणी चालू असेल. पुढचे प्रश्न मुले आपणहून विचारतील.

त्या प्रश्नांना खरी उत्तरे द्या. तो देवही नव्हता आणि दैत्यही नव्हता. नाव यशवंत घाडगे, गाव पळसगाव, वय बावीस वर्षे, हुद्दा नाईक. आपली माणसे समोर पडलेली पाहूनही त्याने आपले काम पुरे केले. पुतळ्यापाशी पोर विचारील, "हा कोण हो?" तेव्हा एवढे जरी आपल्याला अचूक सांगता आले, तरी त्याची आठवण आपण राखली असे होईल.